फाईल नसलेला माणूस पाठवण्याबाबत

प्रति,
मा. सेवार्थी हक्क अधिकारी,
समुपदेशन व कर्मचारी स्वास्थ्य कार्यालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला, खोली क्र. २१४.

विषय : समुपदेशन घेणाऱ्या व्यक्तीच्या हक्कांचा भंग झाल्याबाबत, आणि त्याहून तातडीचे म्हणजे, बॉयलरच्या पाण्याची काच समुपदेशनाची फाईल नसलेल्या एखाद्या माणसाकडून आजच पाहून घेण्याबाबत.

संदर्भ : (१) समुपदेशन कक्षाच्या दारामागे लावलेले 'सेवार्थींचे हक्क' हे नऊ कलमांचे पत्रक. (२) अभियांत्रिकी विभागाचे अर्जदारास आलेले एका ओळीचे उत्तर. (३) अर्जदाराची भीतीची वही, नोंद क्र. १ ते २१२.

महोदय,

१. अर्जदार या रुग्णालयाच्या धुलाई विभागात गेली एकोणीस वर्षे बॉयलर परिचर म्हणून नोकरीस आहे. रुग्णालयातील चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे झगे धुण्यास व इस्त्रीस लागणारी वाफ आमच्या बॉयलरमधून जाते. गेले चौसष्ट दिवस अर्जदारास बॉयलरघरातून काढून घडी विभागात बसवले आहे. तेथे तो चादरींच्या घड्या घालतो व ढकलगाडीतून त्या वॉर्डांकडे नेतो. अर्जात मुख्य मुद्दा सावकाश यावा अशी पद्धत आहे, परंतु तेवढा वेळ आहे की नाही हे ठाऊक नसल्याने तो आधीच मांडतो. बॉयलरमधले पाणी दाखवणारी काच खोटी पातळी दाखवते आहे, असे अर्जदारास दिसले आहे. अर्जदार समुपदेशन घेतो, म्हणून त्याचे कोणी ऐकत नाही. बॉयलरच्या भिंतीपलीकडे इस्त्रीचे दालन आहे. तेथे अकरा बायका काम करतात आणि त्यांतली एक अर्जदाराची थोरली बहीण आहे. मी फार घाबरलो आहे. हे वाक्य अर्जात शोभत नाही याची जाणीव आहे, पण खोडून काढले तर अर्ज खोटा होईल.

२. अर्जदार समुपदेशनास का गेला, हे प्रथम सांगणे प्राप्त आहे, कारण कोठेही गेले तरी पहिला प्रश्न तोच येतो. अर्जदारास बंद केलेला व्हॉल्व्ह बंदच आहे ना, हे परत जाऊन पाहण्याची सवय लागली होती. आधी एकदा, मग तीनदा, पुढे पुढे अकरा वेळा. त्यावरून सहकाऱ्यांनी त्याचे नाव 'परतबघ्या' ठेवले व ते कायमचे चिकटले. एके दिवशी अर्जदार घरापासून तीनदा बसने परत आला. तिसऱ्या खेपेस वाहकाने तिकीट देताना कुठे जायचे असे विचारलेसुद्धा नाही. तेव्हा ताईने, म्हणजे वर उल्लेखिलेल्या थोरल्या बहिणीने, अर्जदारास समोर बसवले व म्हणाली, "हे बघ, व्हॉल्व्ह तपासायला तू आहेस. डोकं तपासायला दुसरा माणूस लागतो. दोन्ही कामं एकट्याने करू नकोस." आई गेल्यापासून ताईनेच अर्जदारास वाढवले असल्याने तिच्यापुढे बोलण्याची सोय नाही. अर्जदार दुसऱ्याच दिवशी, स्वतःच्या पायांनी, कोणीही न पाठवता, कर्मचाऱ्यांसाठीच्या समुपदेशन कक्षात गेला.

३. समुपदेशक बाईंबद्दल अर्जदाराची काडीचीही तक्रार नाही, हे येथे ठळकपणे नमूद करतो. खोलीत दोन खुर्च्या, एक खिडकी, एक भिंतीवरचे घड्याळ. ते घड्याळ चार मिनिटे मागे होते. अर्जदाराने पहिल्याच दिवशी ते सांगितले, तर बाईंनी त्याची टिंगल केली नाही, खुर्चीवर चढून काटा पुढे सरकवला. खोलीच्या दारामागे ते नऊ कलमी पत्रक होते. आम्हाला त्यात सेवार्थी म्हटले आहे. कलम एक : येथे बोललेले येथेच राहील. कलम दोन : आपल्याबद्दल काय लिहिले आहे ते पाहण्याचा आपला हक्क. कलम चार : आपल्या लेखी संमतीशिवाय कोणतीही माहिती बाहेर जाणार नाही. कलम सात : येथे आल्यामुळे नोकरीत कोणताही तोटा होणार नाही. अर्जदाराने नऊच्या नऊ कलमे उभ्याने वाचली आणि त्यांवर विश्वास ठेवला. यात भोळेपणा नव्हता. बॉयलरघरात भिंतीवर जी सूचना लागते, ती कोणाला तरी भाजल्यानंतर लागलेली असते. त्यामुळे आम्ही भिंतीवरचा मजकूर शब्दशः खरा धरतो. दुसऱ्या कार्यालयांत भिंती वेगळ्या कारणाने भरतात, हे अर्जदारास ठाऊक नव्हते.

४. आता अर्जदाराच्या हातून घडलेली चूक. बाईंनी एक वही दिली व सांगितले की भीती आली की वेळ लिहायची, कसली भीती ते लिहायचे, आणि नंतर एकदाच, फक्त एकदाच, पाहून प्रत्यक्षात काय होते ते लिहायचे. अर्जदाराने त्याप्रमाणे रकाने आखले. वेळ, भीती, प्रत्यक्षात. आणि चौथा रकाना हाताने आपोआप आखला गेला : पडताळणी, सही. महोदय, आमच्या कामात परिचराने लिहिलेल्या नोंदीखाली पाळीप्रमुखाची सही नसेल तर ती नोंद नसल्यात जमा असते. एकोणीस वर्षे दर तासाला हेच केले आहे. सही नसलेली नोंद उघडी ठेवून घरी जाणे अर्जदारास जमले नाही. म्हणून दर शनिवारी अर्जदार ती वही पाळीच्या नोंदवहीबरोबर पाळीप्रमुखांपुढे ठेवू लागला आणि ते सही करू लागले.

५. पाळीप्रमुखांना सगळे 'शिक्का' म्हणतात, कारण ते पुढे आलेल्या कागदावर न वाचता 'पाहिले' असे लिहितात. त्यांनी अर्जदाराच्या एकशे अठ्ठ्याण्णव भीतींवर 'पाहिले' असे लिहून सही केली. सकाळी दहा वीस, मुख्य व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल अशी भीती, प्रत्यक्षात बंद, पाहिले. दुपारी पाऊण, पंपाचे बटण, प्रत्यक्षात ठीक, पाहिले. एकशे नव्व्याण्णवावी नोंद त्यांनी चुकून वाचली. ती अशी होती : 'पाळीप्रमुख न वाचता सही करतात ही भीती. प्रत्यक्षात : खरे.'

६. त्यानंतर वही अर्जदाराकडे परत आली ती दोन आठवड्यांनी. मधल्या काळात तिच्या नकला निघाल्या होत्या. दोन सह्या असलेली वही ही विभागाचे दप्तर ठरते, असे अर्जदारास कळवण्यात आले. बॉयलरवर काम करणाऱ्या माणसास दोनशेच्या वर वेळा भीती वाटली, हे मुख्य अभियंता साहेबांनी वाचले व त्याच दिवशी घडी विभागाचा आदेश निघाला. कलम एकचे काय, असे विचारता उत्तर मिळाले की, "तुम्हीच तर दाखवलीत." हे अर्धे खरे आहे. अर्जदाराने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. परंतु बाईंनी सांगितलेली वही म्हणजे त्या खोलीत बोललेलेच आहे, फक्त पेनाने बोललेले, असे अर्जदारास वाटते. आणि त्या दोनशे बारा नोंदींमध्ये वरील एक सोडून प्रत्येकीपुढे 'ठीक' किंवा 'बंद' असे लिहिले आहे, हे कोणी पाहिले नाही. म्हणजे बॉयलर दोनशे अकरा वेळा व्यवस्थित होता, याचाही तो पुरावाच होता.

७. अर्जदारास परत बॉयलरवर घेण्यासाठी अट अशी घालण्यात आली की, सलग नव्वद दिवस त्याच्याकडून भीतीची एकही नोंद अथवा वक्तव्य येता कामा नये. आले की मोजणी पहिल्यापासून. अर्जदार घाबरत नव्हता असे नाही, परंतु तो तोंड मिटून राहिला. बाईंकडेही जाऊन गप्प बसू लागला. दर बुधवारी पाऊण तास आम्ही दोघे समोरासमोर बसत होतो आणि अर्जदार चादरींच्या घड्यांविषयी बोलत होता. बाई एकदा म्हणाल्या, "तुम्ही इथे येता पण येत नाही." अर्जदारास ते कळले. पण बाईंनी काही लिहून ठेवले तर ते कोठून कोठे जाईल याचा भरवसा उरला नव्हता. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो.

८. घडी विभागातून वॉर्डांकडे जाणारा बोळ बॉयलरघराच्या दारावरून जातो. दाराला जाळीची काच आहे. अर्जदारास त्या दाराशी थांबण्याची मनाई आहे, चालण्याची नाही. दिवसातून चार वेळा ढकलगाडी नेताना चार-पाच पावले आतले दिसते. गेल्या सोमवारी पहिल्या फेरीत पाण्याची उजवी काच दिसली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : बॉयलरच्या पोटात किती पाणी आहे ते बाहेरून दिसावे म्हणून पुढे उभ्या काचेच्या दोन नळ्या असतात. डावी नळी गळती थांबवणारे पॅकिंग मिळत नाही म्हणून सात महिने बंद आहे. उरली उजवी. आत पाणी उकळत असते, त्यामुळे काचेतले पाणी कधी एका जागी थांबत नाही. ते सारखे थरथरते, बोटभर वर जाते, खाली येते. सोमवारी ते रेघ ओढल्यासारखे स्थिर होते. दुसऱ्या फेरीत तिथेच. तिसऱ्या, चौथ्या फेरीत तिथेच. काचेच्या खालच्या तोटीत गाळ बसला की असे होते. काच मग आपल्यापुरते पाणी धरून बसते आणि बॉयलरमध्ये काय चालले आहे ते सांगायचे सोडून देते. पाणी आहे असे समजून माणूस पंप सुरू करत नाही. आत पाणी उतरत जाते, पत्रा उघडा पडून तापतो, आणि मग जे होते ते अर्जात लिहिण्याची हिंमत होत नाही.

९. येथे एक बारीक गोष्ट आहे. ती कोणालाही पटवता आली नाही, म्हणून आपल्यापुढे मांडतो. आजवरच्या दोनशे बारा वेळी आधी भीती आली आणि मग अर्जदार पाहायला गेला. या वेळी अर्जदार गाडीचे डावे चाक अडते म्हणून त्याच्याशी झटत चालला होता. डोक्यात चाक सोडून काही नव्हते. आधी दिसले. भीती मागाहून, वॉर्डात चादरी उतरवताना आली. अर्जदार चादर हातात तशीच धरून उभा राहिला म्हणून परिचारिका ताईंनी पाणी दिले. तो पेलासुद्धा अर्जदार पाहतच राहिला, कारण त्यातले पाणी हलत होते.

१०. मंगळवारी अर्जदाराने नवीन परिचरांना बोळातच गाठून काचेची चाचणी घेण्याची विनंती केली. चाचणी दोन मिनिटांची असते. खालचा निचऱ्याचा कॉक उघडून काच रिकामी करायची, मग बंद करून पाणी झटकन परत चढते की रेंगाळते ते पाहायचे. नवीन परिचर वाईट माणूस नाहीत, घरात लहान मूल आहे, नोकरी टिकवायची आहे. ते इकडेतिकडे पाहून म्हणाले, "दादा, तुमच्याशी कामाचं बोलायचं नाही असं सांगितलंय हो मला. आणि पाणी बघा ना कसं रेघेवर ठेवलंय! साहेबांनी परवा शाबासकी दिली." ज्या गोष्टीला घाबरायला हवे तिचे कौतुक चालले होते.

११. बुधवार हा अर्जदाराच्या गप्प राहण्याचा एकसष्टावा दिवस होता. एकोणतीस उरले होते. अर्जदाराने सकाळभर विचार केला आणि दुपारी पाळीप्रमुखांकडे गेला. त्यांनी नोंदवही उघडून दाखवली : "हे बघ, काचेची चाचणी रोज ठीक. लिहिलंय की." अर्जदाराने पाहिले. महिन्याच्या पहिल्या तारखेला 'ठीक' असे लिहिले होते व त्याखाली रोज वरीलप्रमाणे म्हणून दोन-दोन टिंबे होती, आणि प्रत्येक टिंबांपुढे 'पाहिले'. अर्जदाराने लेखी अर्ज अभियांत्रिकी विभागात दिला. गुरुवारी उत्तर आले. ते सोबत जोडले आहे, तरी येथेही देतो : 'अर्जातील मजकूर अर्जदाराच्या आजाराशी संबंधित असल्याने योग्य त्या उपचारासाठी समुपदेशन कक्षाकडे वर्ग.' पाण्याच्या तक्रारीवर मला उपचार मिळणार होता. काचेला नाही.

१२. शुक्रवारी बाईंनी स्वतः बोलावून घेतले. माझा अभियांत्रिकीचा अर्ज त्यांच्या टेबलावर होता. मी दोन महिन्यांत प्रथमच त्यांच्यापुढे सगळे बोललो. त्यांनी पूर्ण ऐकले. मग म्हणाल्या, "मला त्या काचेतलं काही कळत नाही. मी तुमच्या भीतीबद्दल बोलू शकते, पाण्याबद्दल नाही. पण मला खोटं वाटत नाही तुमचं बोलणं." त्यांनी माझ्यासमोरच मुख्य अभियंता साहेबांना पत्र लिहायला घेतले की काच एकदा पाहून घ्यावी. अर्ध्यावर त्यांनीच पेन थांबवले. कलम चार. सेवार्थीच्या लेखी संमतीशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. मी म्हटले, घ्या संमती, या घटकेला घ्या, अंगठाही देतो. ती संमती घेऊन बाई आपल्याच कार्यालयात आल्या, तर येथील खिडकीवर सांगण्यात आले की अर्जदाराची निर्णयक्षमता तपासणीखाली असल्याने त्याची संमती ग्राह्य धरता येत नाही. तपासणी कधी होणार? भीतीची नोंद नसलेले नव्वद दिवस पुरे झाल्यावर. बाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. महोदय, माझी वही सही-शिक्क्यांसह मजल्यामजल्यांवर फिरली, तेव्हा कोणाला कलम आठवले नाही. आणि माझ्या तोंडून निघालेली एकुलती एक कामाची गोष्ट बाहेर जायची वेळ आली, तेव्हा गुप्तता इतकी घट्ट बसली की ती हलायला तयार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, तसा हा प्रकार.

१३. येथपर्यंत लिहून झाल्यावर ध्यानात आले की 'अर्जदार' हा शब्द मागे पडून 'मी' सुरू झाले आहे. क्षमा असावी. दुरुस्त करायला वेळ नाही. हा अर्ज मी आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. शिपाई दादा म्हणाले, साहेब बैठकीत आहेत, एकला निघतात, अर्ज पेटीत टाका, तीस दिवसांत उत्तर येतं. पेटीला कुलूप आहे आणि त्यावर धूळ आहे. मी पेटीत टाकणार नाही. मी बसणार आहे.

१४. ताईला मी बुधवारी संध्याकाळीच सांगितले. तिची जागा इस्त्रीच्या दालनात भिंतीला पाठ लावून आहे. ती भिंत बॉयलरची. पाठ दुखते म्हणून तिने ती ऊबदार जागा मागून घेतली होती. मी म्हटले, ताई, उद्यापासून जाऊ नकोस, दुखणे सांग. तिने भाजी निवडणे थांबवले नाही. म्हणाली, "तुला दिसलं म्हणतोस तर दिसलं असेल. पण मी नाही गेले तर त्या स्टुलावर दुसरी कुणीतरी बसेल ना? तिला काय सांगू, माझ्या भावाला कळलंय म्हणून मी घरी बसले?" मग म्हणाली, "आणि समज मी सगळ्यांना सांगितलं. कोण सांगतंय? परतबघ्याची बहीण." दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे कामावर गेली. फक्त स्टूल भिंतीपासून हातभर पुढे घेतले, एवढे मला तिच्या शेजारणीकडून कळले. महोदय, हातभर.

१५. आपण विचाराल, आणि विचारणे रास्त आहे, की सोमवारपासून आज शनिवार, काय झाले? काही झाले नाही. मान्य. नवीन परिचर घड्याळाकडे पाहून पंप लावतात, त्यामुळे निभावले असेल. गाळ अर्धवट बसला असेल. किंवा गाळ बसलाच नसेल. हे मी बाईंना सांगितले नाही, ताईला सांगितले नाही, आपल्याला सांगतो : मलाच खात्री नाही. दोनशे बारा पाने पलटून मी स्वतःला शिकवले आहे की तुला वाटते तसे नसते. एकदा पाहा, विश्वास ठेव, पुढे चल. हे मी महत्प्रयासाने शिकलो. बॉयलरवरचे शेवटचे सहा आठवडे मी एकदाही परत फिरलो नव्हतो. बाईंनी मला बरे केले होते, हे कोणत्याही कागदावर नाही म्हणून येथे लिहितो. आणि आता रोज चार वेळा त्या दारावरून जाताना मला कळत नाही की हे माझे जुने दुखणे बोलते आहे की माझी एकोणीस वर्षे. ज्याचे डोळे त्यालाच फितूर आहेत असे सगळे म्हणतात, त्याने कशाने पाहायचे? यासाठीच दुसरा माणूस लागतो. बाईंनीच शिकवले होते : भीती खरी की खोटी हे कळेना झाले, तर विश्वासाच्या माणसाला एकदा पाहायला सांगा. एवढेच मी गेले चार दिवस करतो आहे. मी उपचारच पाळतो आहे, महोदय, आणि त्यालाच आजार म्हणतात.

१६. मी दाराची काच फोडून आत जाऊन बॉयलर बंद करू शकतो. हे लिहू नये, पण मनात आले आहे म्हणून लिहितो. बंद कसा करायचा ते मला डोळे मिटूनही येते. तसे केले तर पहारेकरी धरतील, सगळे म्हणतील आम्ही सांगतच होतो, नवीन परिचर अर्ध्या तासात तो पुन्हा पेटवतील, आणि मग त्या काचेविषयी माझ्या तोंडून निघालेला शब्द जन्मात कोणी ऐकणार नाही. म्हणून हात बांधून बाकावर बसलो आहे.

१७. सबब, विनंती पुढीलप्रमाणे. हक्कभंगाविषयी मी वर जे लिहिले त्याची चौकशी आपण सवडीने करावी, किंवा करू नये. वहीच्या नकला कोणाकोणाकडे आहेत ते मला कळवले नाही तरी चालेल. माझ्या फाईलमध्ये काय लिहिले आहे ते दाखवा, असा कलम दोनखाली अर्ज मी मागेच दिला होता, तो मागे घेतो. कलम सात, नोकरीत तोटा होणार नाही, तेही मागे घेतो. मला जन्मभर घड्या घालायला बसवा. नव्वद दिवस या अर्जापासून पुन्हा मोजा, वाटल्यास नऊशे मोजा. पत्रकावरची नऊही कलमे मी आपल्याला परत देतो. त्यांच्या बदल्यात एक माणूस द्या. तो बॉयलरचा जाणकार असावा, एवढेच पुरे नाही, त्याच्या नावाची समुपदेशन कक्षात फाईल नसावी. असा माणूस शोधताना अडचण येऊ शकते. बुधवारी बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेले मी पाहतो, त्यांत अभियांत्रिकीचे दोघे असतात. ते मान खाली घालून बसतात आणि मी त्यांना ओळख दाखवत नाही. कलम एक मी तरी पाळतो.

१८. बॉयलर आज दुपारी दोन वाजता बंद होईल. उद्या सुटी. सोमवारी सकाळी साडेसहाला पुन्हा पेटेल व सातला इस्त्रीचे दालन भरेल. दोनच्या आत चाचणी झाली तर दोन मिनिटे. ती राहिली तर उद्या बॉयलर थंड असताना तोटी उघडून गाळ पाहणे, वीस मिनिटे. मी खोटा निघालो तर माझ्यासारखा सुखी माणूस या इमारतीत दुसरा नसेल. मी स्वतः वहीत लिहीन : प्रत्यक्षात ठीक. आणि त्याखाली पाळीप्रमुखांची सही घेईन.

१९. एक अडचण मला आत्ता, हे लिहितानाच दिसली. आपण हा अर्ज मंजूर केलात तरी तो ज्याच्या हाती जाईल तो आधी खाली पाहील, कोणाचा आहे ते वाचील, आणि फाईलला लावील. म्हणून सोबत वेगळा कागद जोडला आहे. त्यावर माझे नाव, माझे पद, माझे अक्षरसुद्धा नाही. शिपाई दादांकडून लिहवून घेतला आहे. त्यांचे अक्षर चांगले आहे. आपण कृपा करून हा सात पानांचा अर्ज बाजूला ठेवावा, हवा तर फाडावा, आणि फक्त त्या कागदावर सही करावी.

आपल्या दाराबाहेर बसलेला,
(सही)
नाव लिहिलेले नाही. नाव लिहिले की फाईल निघते.
बॉयलर परिचर, सध्या घडी विभाग.
दिनांक : आजचा शनिवार. वेळ : बारा वाजून पाच मिनिटे.

सोबत :
(१) अभियांत्रिकी विभागाचे एका ओळीचे उत्तर.
(२) समुपदेशक बाईंचे अर्धवट राहिलेले पत्र, त्यांच्या परवानगीने.
(३) भीतीच्या वहीतील शेवटचे पान. नोंद क्र. २१३. 'प्रत्यक्षात' हा रकाना कोरा ठेवला आहे. जो पाहील त्याने भरावा.
(४) आपल्या सहीसाठीचा कागद. मजकूर असा :

'मुख्य अभियंता यांस, बॉयलरच्या उजव्या काचेची चाचणी आज दोनच्या आत घ्यावी. पाणी उशिरा परतल्यास सोमवारी बॉयलर पेटवू नये. ही सूचना मी स्वतःच्या अधिकारात देत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. मला कसलीही भीती वाटत नाही.'